पाणी घालणाऱ्या दोघी पुण्यात

पुण्याहून आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी विचारलं, "आक्का, काय आणलंत?" बाकरवडी आणली होती, ती त्याच संध्याकाळी संपली. बाकीचं जे आणलं ते पिशवीतून काढून हातावर ठेवता येईना, म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली. वाचलं पुष्कळ, पुड्यांच्या कागदांपासून पोथ्यांपर्यंत, पण लिहिणं म्हणजे आजवर पत्रं आणि किराणा मालाची यादी. तेव्हा बोलते तशीच लिहीन. मध्येच भरकटले तर सांभाळून घ्या.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात बाई वारली की आम्हाला निरोप येतो. आम्ही पाचजणी जातो. शेवटची आंघोळ घालायची, साडी नेसवायची, केस विंचरायचे, सवाष्ण असेल तर मळवट भरायचा आणि बाहेर येऊन पुरुषमाणसांना सांगायचं, "या आता." पूर्वी हे घरातल्याच बायका करायच्या. आता घरात बाईमाणूस एखादंच, तेही भेदरलेलं. माझ्या सासूबाई हे काम करत, त्यांच्यामागे मी. तीस वर्षं होऊन गेली. लोक आम्हाला पाठीमागे 'पाणीवाल्या' म्हणतात. हळदीकुंकवाला बोलावतात, पण माझं बोट कपाळाला लागताना एखादी हळूच डोळे मिटते. चालायचंच.

आमचे नियम दोन. गेलेल्या बाईला सांगितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. "सुमनबाई, पायावर पाणी घालते हं. आता हात उचलते हं." असं एकेक सांगत जायचं. हा नियम सासूबाईंचा. दुसरा माझा. हे बोलायचं फक्त प्रमुखानं, बाकीच्या चौघींनी तोंडातून अक्षर काढायचं नाही. बायका रडायला लागतात, मध्येच कुणाच्या तरी पाटल्यांचा विषय काढतात, म्हणून मी तो घातला होता. आमच्यासारखी शांतता कुठल्याच घोळक्यात नसते, असं मी कौतुकानं सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी इंदूवहिनी गेल्याचा निरोप आला. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, शेजारच्या आळीतल्या. सकाळी उठल्याच नाहीत. डॉक्टर परगावी गेलेले. कंपाउंडरनं नाडी पाहून मान हलवली. त्यांचा मुलगा श्रीधर पुण्याला नोकरीला असतो, तो नेमका सुट्टीला आला होता. ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. आम्ही पाचजणी आत गेलो आणि दार लावून घेतलं.

गावाला माहीत असलेली गोष्ट अशी, की आक्कांनी पहिला तांब्या घातला, त्यांच्या हाताला काहीतरी जाणवलं आणि आक्का दार उघडून ओरडल्या, "जीव आहे!"

घडलं ते असं. वहिनींचा हात कमळनं धरला होता. कमळ माझ्या खालोखालची, पन्नाशीची, अबोल. पहिल्या तांब्यालाच ती म्हणाली, "आक्का." मी तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्याला म्हणाली, "आक्का, थांबा." मी म्हणाले, "बोलायचं नाही," आणि तिसरा घातला. चौथा घालायला गेले तेव्हा तिनं माझ्या हातातला तांब्याच धरला. इतका घट्ट धरला की पाणी दोघींच्या अंगावर सांडलं. मग मी वाकून पाहिलं. इंदूवहिनींच्या मिटल्या पापणीखाली बुबुळ इकडून तिकडे गेलं.

साखर एकदम खाली गेली होती म्हणे. मोठ्या दवाखान्यात आठ दिवस राहून त्या उठून बसल्या आणि श्रीधर त्यांना पुण्याला आपल्याकडे घेऊन गेला. दार उघडून ओरडले मी, म्हणून वाचवणारीही मीच ठरले. त्या दिवशी गडबडीत खरं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगणं जड गेलं. पंधरवड्यानं देवळात माझा सत्कार झाला, मी नारळ घेतला. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार? कमळ एका शब्दानं बोलली नाही. मी तर नाहीच.

आणि मागच्या महिन्यात श्रीधरचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या मंडळींनी एका लेखिकाबाईंचं भाषण ठेवलं होतं. विषय काय, तर माणसांच्या लहान लहान गटांचं पुढारपण. भाषणाच्या जोडीला चार-पाच ठिकाणचे गटप्रमुख बोलावले होते. "आक्का, तुमची गोष्ट मी त्यांना सांगितली. तुम्ही यायचंच. आणि बाईंची अट आहे, प्रत्येकानं आपल्या गटातलं एक माणूस बरोबर आणायचं."

मी चौघींना विचारलं. तिघींना अडचणी होत्या. कमळ म्हणाली, "मी येते." एवढंच.

विश्रांतवाडी

एसटीचा प्रवास काय सांगायचा, खिडकी मिळाली आणि ती बंद होत नव्हती. स्वारगेटला उतरून रिक्षावाल्याला विचारलं, "विश्रांतवाडीला येणार का?" तो म्हणाला, "मी नाही म्हटलं तर चालत जाणार आहात?" आणि मीटर पाडून निघालासुद्धा. हे पुणं. बोलायला फटकळ, पण सोडलं अगदी दारात.

श्रीधरचं घर तिसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे दुपारी दारं उघडी असतात, कोण जेवलं कोण रुसलं ते रस्त्यावरून कळतं. इथे जिन्यात सहा बंद दारं आणि सहांवर नावं. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली तेवढीच माणसांची खूण.

दार श्रीधरच्या बायकोनं, मेधानं उघडलं. गोड मुलगी. तिनं चहा दिला आणि सरळ विळी माझ्यापुढे सरकवली, "आक्का, तेवढी काकडी कोचता का?" मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. आमच्या गावात माझ्या हातची कोशिंबीर परक्या घरात कुणी पानात घेत नाही. मी कोचली, आणि दुपारी सगळ्यांनी ती दोनदा वाढून घेतली. अळूची भाजी होती, भरपूर शेंगदाणे घातलेली, आणि गरम फुलके. मला त्या कोशिंबिरीनं भरून आलं. पण सुख तेवढंच होतं, कारण आतल्या खोलीतून आवाज येत होता.

टक, टक-टक, टक.

"आईंची बोटं," मेधा म्हणाली. "दवाखान्यातून आल्यापासून आहे हे. पलंगाच्या कडेवर वाजवत राहतात. झोपेतसुद्धा. घाबरू नका."

"झोपेतसुद्धा?"

"हो ना. थांबली की मी जाऊन बघते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कधीकधी वाटतं, मी येते का ते बघायलाच त्या थांबवतात."

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. इंदूवहिनी आंघोळ स्वतःची स्वतः करतात, न्हाणीघराचं दार उघडं टाकून. अंगावर दुसऱ्या कुणी पाणी घातलेलं चालत नाही. एकदा पाय घसरून बसल्या, तरी तांब्याला हात लावू दिला नाही.

मी आत गेले. कंदी पेढ्यांचा पुडा हातात होता. इंदूवहिनी खिडकीपाशी पलंगावर टेकून बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण डोळे तेच. मी वाकून नमस्कार केला.

"आलीस, शांता," त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "तू कमळ ना गं? हात दे बघू."

कमळनं हात पुढे केला. वहिनींनी तो धरला आणि डोळे मिटून घेतले. टकटक थांबली. मिनिटभर त्या तशाच बसल्या, कापड पारखावं तसा अंगठा कमळच्या तळव्यावरून फिरवत. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "हं." आणि हात सोडला.

मी पेढे घेऊन उभीच होते.

जेवणानंतर सगळी आडवी झाली. मला मधल्या खोलीत चटई दिली होती. भिंतीपलीकडे टकटक चालूच. ऐकता ऐकता तिच्यात ठेका सापडायला लागला आणि डोळा लागणार एवढ्यात ती बंद झाली. मी वाट पाहिली. पुन्हा सुरू होईना. मेधाला हाक मारावी तर ती ढाराढूर. शेवटी मीच उठले आणि दारातून डोकावले.

इंदूवहिनी उताण्या पडल्या होत्या, आणि डोळे सताड उघडे माझ्याकडे.

"बघायला आलीस?"

"छे हो. पाणी प्यायला उठले होते."

"स्वयंपाकघर तिकडे आहे."

मी वळले. मागून त्या म्हणाल्या, "मला ऐकू येत होतं, शांता. त्या दिवशी. सगळं."

मी दाराची चौकट धरली. "काय काय ऐकलंत, वहिनी?"

"उद्या तू तिथे काय सांगतेस ते आधी होऊ दे. मग मी सांगते."

आणि बोटं पुन्हा सुरू झाली.

बुधवार पेठेतून शनिवार पेठेत

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला, शनिवार पेठेत होता. आम्ही तीनलाच निघालो, म्हटलं आधी बुधवारातल्या गणपतीचं दर्शन घेऊ. श्रीधर ऑफिसातून परस्पर येणार होता. दर्शन झालं. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "चल, शनिवार पेठ या बाजूला," आणि निघाले पुढे. कमळ मागे.

वायरी, दिवे, रेडिओची दुकानं. एकाला लागून एक. मग पुस्तकांची. मग पुन्हा वायरी. मी आत्मविश्वासानं वळत होते. एका दुकानात माळेचे लाल-हिरवे दिवे भरदुपारी उघडमीट करत होते, ते मला जरा वेळानं पुन्हा दिसले. म्हटलं, इथे सगळ्याच दुकानांत असतील. तिसऱ्यांदा दिसले तेव्हा गल्ल्यावरचे गृहस्थ पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आजी, तिसरी फेरी. प्रदक्षिणा असेल तर चपला काढून घाला."

मला हसू आलं. मी मागे पाहिलं. कमळ बरोबर तीन पावलांवर उभी होती, मी थांबले म्हणून थांबलेली. तिच्या तोंडावर काहीही नव्हतं. थकवा नाही, राग नाही. एवढ्या गर्दीत ती तेवढी आवाज न करता चालत होती. तीस वर्षं आम्ही कुणाच्या दारात जातो तेव्हा माझ्या मागे अशाच चौघी येत असणार, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी पुढे असते ना, मागे बघितलंच नव्हतं.

त्या गृहस्थांनी वाट सांगितली. अगदी सरळ होती.

कार्यक्रमाची जागा दिवाणखान्यापेक्षा थोडी मोठी, लाकडी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर. साठेक खुर्च्या. मी एक जरा पंख्याखाली ओढायला गेले तर व्यवस्थापक म्हणाले, "सरकवू नका. ती तिथे विचार करून ठेवली आहे." बसले आपली उकाड्यात.

लेखिकाबाई ठेंगण्या, पांढरे केस कापलेले, सुती साडी. त्यांनी ध्वनिक्षेपक बाजूला ठेवायला लावला. आवाज इतका खालचा की सगळी सभा पुढे वाकली. त्यांनी आधी आम्हाला खेळ खेळायला लावला. सगळ्यांनी डोळे मिटायचे, टाळ्या वाजवायच्या, आणि ज्याला वाटेल तेव्हा त्यानं थांबायचं. कुणी कुणाला खुणावायचं नाही.

वाजवायला लागलो. आधी पाऊस पडावा तशा विस्कळीत, मग हळूहळू सगळ्या एका ठेक्यात. किती वेळ गेला सांगता येत नाही. आणि मग एकाच क्षणी साठ माणसं थांबली. सुरी फिरवावी तशी.

"डोळे उघडा," बाई म्हणाल्या. "कुणी थांबवलं?"

सगळी एकमेकांकडे बघायला लागली.

"प्रत्येक घोळक्यात असं कुणीतरी असतं. पुढे उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, ते आपणच."

मग त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली. तरुणपणी त्या अकरा शिक्षिकांना घेऊन डोंगरावर गेल्या होत्या. धुकं उतरलं. बाई पुढे, बाकीच्या ओळीनं मागे. दोन तास चालल्यावर बाईंचं पाऊल पुढे पडेना, कारण पुढे जमीनच नव्हती. खाली नुसतं पांढरं. "परत आल्यावर एकेकीला विचारलं. अकराच्या अकरा जणींना माहीत होतं की वाट चुकली आहे. प्रत्येकीला वाटलं, बाकी दहा गप्प आहेत त्या अर्थी बरोबर असेल. त्यांना गप्प राहायला कुणी शिकवलं? मी. कधी? मला आठवत नाही. तेव्हापासून मी एकच गोष्ट शोधते आहे. तुम्हीही शोधा. तुम्हाला शेवटचं 'थांबा' कोण म्हणालं, आणि तुम्ही त्याचं काय केलंत?"

त्या पाहत कुणाकडेच नव्हत्या, पण मला वाटलं, या बाईला कुणीतरी सांगितलंय.

मग प्रमुखांची पाळी. मी पदर सावरून उठायच्या तयारीत, तर बाई म्हणाल्या, "प्रमुखांनी बसून राहायचं. बोलायचं बरोबर आलेल्या माणसानं. प्रमुखांनी शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही."

आधी डोंगर चढणाऱ्या एका मंडळाचे गृहस्थ उठले. म्हणाले, "आमचे सर कधीच चुकत नाहीत."

"किती वर्षांत?"

"अठरा."

"अरेरे," बाई म्हणाल्या. सभा हसली. सरही हसले, जरा उशिरा.

मग कमळ. ती पुढे जाऊन उभी राहिली, पदराचं टोक मुठीत धरून. मला खात्री होती, आता ती सांगणार. भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. दोन वर्षांचं ओझं दुसऱ्यानंच उतरवलं तर बरंच की.

कमळ बोलायला लागली. "दार लावलं. खोलीत आम्ही पाचजणी. आक्कांनी तांब्या बुडवला..." आणि इथे ती थांबली. मी थांबते तिथेच. मग डावा हात जरा वर केला, मी करते तसा. "आणि आक्कांच्या हाताला काहीतरी जाणवलं."

शब्द न् शब्द माझा होता. श्वास घ्यायच्या जागा माझ्या. आवाजसुद्धा माझ्यासारखा जड. आमची कमळ पातळ आवाजात बोलते हो! मी माझ्या खुर्चीत बसले होते आणि मीच पुढे उभी राहून बोलत होते. नकळत माझा हात माझ्या गळ्याकडे गेला.

संपल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

"मी वहिनींचा हात धरला होता."

"तुमच्या हाताला काही जाणवलं?"

कमळनं माझ्याकडे पाहिलं. तिच्याबरोबर साठ तोंडं माझ्याकडे वळली. श्रीधर पहिल्या रांगेत होता, कौतुकानं हसत होता. मला नुसतं उठायचं होतं. बाईंचा नियम मोडून एक वाक्य बोलायचं होतं. मी जमिनीकडे पाहिलं.

"आम्हाला बोलायची परवानगी नसते," कमळ म्हणाली.

"ते मी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या, पण रागानं नव्हे. जरा वाट पाहून त्यांनी तिला बसायला सांगितलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आणि त्या पुन्हा सगळ्या एकाच क्षणी थांबल्या.

श्रीधरला तिथे मागे आवराआवर होती, म्हणून आम्ही दोघी रिक्षानं निघालो. नदी ओलांडल्यावर मी विचारलं.

"कमळ, असं का सांगितलंस?"

"कसं?"

"खोटं."

"तुम्ही सांगता तसंच सांगितलं. दोन वर्षं ऐकतेय, पाठ झालंय."

"आणि दुपारी वाट चुकले, तेव्हा तुला कळलं होतं?"

"पहिल्याच वळणाला."

"मग बोलली का नाहीस?"

ती बाहेर बघत राहिली. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "एकदा बोलले होते की, आक्का."

शेवटची सकाळ

सकाळी चहा झाल्यावर इंदूवहिनींनी आम्हा दोघींना आत बोलावलं. "काय सांगितलंत?"

"कमळनं सांगितलं," मी म्हणाले. "मी सांगते तसं."

"वाटलंच." त्यांनी बोटं थांबवली. "आता माझं ऐक. पाणी कोमट होतं. तू फार छान बोलत होतीस. 'वहिनी, पायावर पाणी घालते हं.' एवढ्या मायेनं मला जन्मात कुणी सांगून काही केलं नव्हतं. मी म्हणत होते, नको घालू, पण तोंड हलेना. मग कुणीतरी म्हणालं, थांबा. मला इतका धीर आला! अंगातली होती नव्हती ती शक्ती जिभेवर आणली. आता शब्द फुटणार, एवढ्यात तुझा आवाज आला. 'बोलायचं नाही.'"

मी त्यांच्या थांबलेल्या बोटांकडे पाहिलं.

"मला वाटलं, मलाच म्हणालीस. आणि शांता, मी ऐकलं तुझं. जोर करायचं सोडून दिलं. पडून राहिले. सगळ्या ऐकतात तशी."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मला वाटलं, त्याचा आवाज फार लांबून, पाण्यातून येतोय.

वहिनी पलंगावरून उतरल्या. "कमळ, चल. आज मला आंघोळ घाल. शांता, तू बाहेर बस."

मेधा हातातलं लाटणं तसंच धरून बघत राहिली. मी बाहेर येऊन खुर्चीत बसले. समोर श्रीधर पेपर वाचत होता. न्हाणीघराचं दार उघडंच होतं. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग कमळचा, तिचा स्वतःचा, पातळ.

"वहिनी, पायावर घालू का?"

आणि तिनं वाट पाहिली. मी तीस वर्षांत कधी वाट पाहिली नव्हती. कुणाच्या उत्तराची पाहणार?

"घाल," वहिनी म्हणाल्या.

मी श्रीधरला म्हणाले, "पेपर ठेव जरा. तुझी आई जिवंत आहे हे मला कळलं नव्हतं. कमळला कळलं. ती दोनदा बोलली आणि मी तिला गप्प केलं. वरून आणखी एक तांब्या घातला. तिनं माझा हात धरला नसता तर तुझ्या आईला मी नटवून, सजवून तुमच्या हवाली केलं असतं."

त्यानं पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "आई दोन वर्षं सांगतेय, कमळला बोलाव. मला वाटायचं, तिची नावांची गल्लत होतेय. मी दरवेळी तुम्हालाच फोन करत राहिलो."

निघताना तो कमळच्या पाया पडला. माझ्याही पडला, पण उठताना माझ्याकडे पाहिलं नाही. तसंच व्हायला हवं होतं. मेधानं दोघींच्या हातात बाकरवडीचा एकेक पुडा दिला. मला वाकून म्हणाली, "कोशिंबीर खरंच छान झाली होती हं." वेडी पोर.

घरी

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गटातल्या बाकीच्या तिघींना बोलावलं आणि सगळं सांगितलं. अगदी नारळासकट. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसले. म्हटलं, आता ओरडतील, रडतील, एखादी उठून जाईल.

कुणी हललंसुद्धा नाही. शेवटी तिघींतली थोरली म्हणाली, "आक्का, आम्हाला काय नवीन सांगताय? आम्ही तिथंच होतो की."

खरंच की. त्या तिथेच होत्या. माझ्या सत्काराला पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवणाऱ्या याच तिघी होत्या. मी दोन वर्षं एका कमळपासून तोंड लपवत होते, आणि उरलेल्या तिघी त्या खोलीत होत्या हे मी विसरूनच गेले होते. माणूस इतकं कसं विसरतं? त्या रात्रंदिवस माझ्याशी बोलत होत्या, पापड लाटत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांमागे ती खोली जशीच्या तशी होती.

गावाला मात्र ते माहीत नव्हतं. म्हणून हे लिहिलं. ज्यांनी नारळ दिला त्यांनी तो परत मागावा, मी देईन.

आता प्रमुख कमळ आहे. मागच्या आठवड्यात वरच्या आळीतून निरोप आला. आम्ही पाचजणी गेलो, ती पुढे, मी सगळ्यांत मागे. मागून चालताना घोळका फार निराळा दिसतो. दार लावलं. या वेळी डॉक्टर येऊन, तपासून, लिहून देऊन गेले होते. तरी कमळनं तांब्या बाजूला ठेवला. तिनं प्रत्येकीला गेलेल्या बाईच्या अंगावर कुठे ना कुठे हात ठेवायला सांगितला आणि मग नाव घेऊन एकेकीला विचारलं, "तुला काही जाणवतंय?"

तिघींनी उत्तरं दिली. मग तिनं मला विचारलं. माझा हात पायाच्या घोट्यावर होता. मी डोळे मिटले. सगळ्या थांबल्या होत्या, बाहेर माणसं खोळंबली होती, आणि कुणीही मला घाई केली नाही. मी पुष्कळ वेळ तशीच हात ठेवून बसले.

"नाही," मी म्हणाले. "गार आहे."

मग कमळनं तांब्या बुडवला.